दुःख, आत्मत्याग आणि आत्म्याने चालणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या बायबल अभ्यासगटात दर लेंटला, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळात, बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा ठेवतो. झाकणाला चीर पाडलेली, त्यातून चिठ्ठी आत टाकायची. नाव लिहायचं नाही. आता बरेच प्रश्न व्हॉट्सॲपवर येतात, पण नाव सांगायचं नसतं तेव्हा लोकांना अजून डबाच लागतो. काही वर्षांच्या चिठ्ठ्या चाळल्यावर दिसलं की तेच ते प्रश्न फिरून येतात, म्हणून ही उत्तरं एकदाची लिहून ठेवली. मी पाळक नाही की फादर नाही, वर्ग घेणारा साधा सभासद आहे. प्रोटेस्टंट आणि कॅथलिक शिकवणीत जिथे फरक आहे तिथे तसं सांगितलं आहे. आमच्याकडे 'वधस्तंभ' म्हणतात आणि वसईकडे 'क्रूस'. खाली दोन्ही शब्द येतील.

१. देव चांगला आहे, समर्थही आहे. मग आमच्या घरात हे का घडलं?

याचं एका ओळीतलं उत्तर बायबलमध्ये नाही. ज्यांच्याकडे ते तयार असतं त्यांच्यापासून जरा जपूनच राहावं. ईयोबाचं पुस्तक ४२ अध्यायांचं आहे. मुलं गेली, गुरंढोरं गेली, अंगभर गळवं उठली, आणि हा माणूस राखेत बसून खापरीने अंग खाजवतोय. मित्र एकामागून एक कारणं सांगतात. शेवटी देव वावटळीतून बोलतो खरा, पण कारण सांगतच नाही. पहिल्या अध्यायात देव आणि सैतान यांच्यातलं जे बोलणं वाचकाला कळतं ते ईयोबाला अखेरपर्यंत कळत नाही. आणि कारणं सांगणाऱ्या मित्रांनाच देव सुनावतो, की तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत (४२:७, म्हणजे ४२वा अध्याय, ७वं वचन).

नवा करारही कारणं देत बसत नाही. मरणाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत 'हा (दुःखाचा) प्याला टळो' म्हणून विनवणारा आणि तो न टळता प्यावा लागलेला येशू तो आपल्यापुढे उभा करतो. ख्रिस्ती माणसाला दुःखात काही मिळत असेल तर ती त्याची सोबत. तेवढ्याने भागत नाही असं वाटण्याचे दिवसही येतात. त्या दिवसांसाठी प्रश्न ११ पाहा.

२. दुःख म्हणजे पापाचे भोगच ना? आमची आजी तर तसंच म्हणायची.

आपल्याकडे 'भोग' हा शब्द इतका तोंडात बसलाय की चर्चमध्ये आलो तरी तो बाहेर चपलांपाशी राहत नाही. येशूला हाच प्रश्न दोनदा भेटला. जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचं, याचं की आईबापांचं? तो म्हणतो, कोणाचंच नाही (योहान ९:३). दुसऱ्या वेळी शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसं मेल्याचा विषय तो स्वतःच काढतो आणि विचारतो, ते काय यरुशलेमेतल्या बाकीच्यांहून जास्त अपराधी होते? नाही (लूक १३:४).

आता दुसरी बाजू. दारू पिऊन यकृत गेलं, तर त्यात गूढ काही नाही. पेरलं ते उगवतं, हे पौलही म्हणतो (ज्याची पत्रं नव्या करारात आहेत तो प्रेषित). पण परिणामाकडून कारणाकडे असं उलटं चालत जाऊन समोरच्याचं पाप शोधायची परवानगी बायबल कोणाला देत नाही.

३. 'आत्मत्याग करा' आणि 'आत्म्याने चाला' ही दोन्ही वाक्यं एकाच बायबलात आहेत. मग आत्मा सोडायचा की धरायचा?

या चिठ्ठीवर मी दिवसभर हसलो आणि मग गप्प झालो, कारण घोळ खरा आहे. तो मराठीने घातलेला आहे. 'आत्मत्याग'मधलं 'आत्म' म्हणजे आपण स्वतः, जसं आत्मचरित्रात असतं तसं. 'आत्म्याने चाला' (गलती. ५:१६, पौलाचं गलतीकरांना पत्र) यातला आत्मा आपला नव्हे, देवाचा, म्हणजे पवित्र आत्मा. ग्रीकमध्ये त्याला 'न्यूमा' आणि हिब्रूत 'रूआह' म्हणतात, आणि दोन्हींचा अर्थ वारा, श्वास असाही होतो. योहानाच्या तिसऱ्या अध्यायात येशू याच दुहेरी अर्थावर बोलतो, वारा पाहिजे तिकडे वाहतो म्हणून. मराठीत 'आत्मा' म्हटलं की शरीरातून निघून जाणारं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. श्वास आठवला तर वाक्य जागेवर बसतं. मी मला सोडायचं आणि त्याच्या श्वासावर चालायचं.

क्रमही ध्यानात घ्या. आधी सगळं सोडून दाखवा, मग आत्मा मिळेल, असं पौल सांगत नाही. गलतीकरांना तो याच मुद्द्यावरून रागावला आहे (३:२-३).

४. मग आत्मत्यागात नेमकं काय सोडायचं? चहा, सिनेमा, मोबाइल?

मार्क ८:३४ मध्ये येशू म्हणतो, माझ्यामागे यायचं त्याने आत्मत्याग करावा आणि आपला वधस्तंभ उचलून चालावं. यातल्या 'आत्मत्याग करावा' या शब्दांमागे ग्रीकमध्ये जे क्रियापद आहे, तेच येशूचा शिष्य पेत्र याच्या गोष्टीत पुन्हा येतं : कोंबडा दोनदा आरवण्याआधी तू मला तीनदा नाकारशील (१४:३०). मराठी भाषांतरात दोन वेगळे शब्द पडल्यामुळे हा धागा दिसत नाही. अंगणात शेकोटीपाशी उभा राहून पेत्र म्हणतो, त्या माणसाला मी ओळखत नाही. आत्मत्याग म्हणजे हेच वाक्य, फक्त ते स्वतःला उद्देशून म्हणायचं. 'मला काय मिळालं, माझा मान कुठे राहिला' असं ओरडणारा जो आत बसलाय, त्याला म्हणायचं, मी तुला मालक म्हणून ओळखत नाही.

चहा सोडणं सोपं आहे. भावाबरोबरच्या बांधाच्या भांडणात आपलं खरं असूनही पहिला फोन आपण करणं, हे अवघड. मी चहा तीनदा सोडलाय. फोन एकदाच केला.

५. माझा मधुमेह, माझी सासू, माझी नोकरी हा 'माझा क्रूस' आहे असं म्हणतात. बरोबर आहे का?

बोलीत चालतं, पण येशूच्या ऐकणाऱ्यांना ते असं ऐकू आलं नसतं. त्यांनी वधस्तंभ डोळ्यांनी पाहिला होता. रोमी सत्ता गुन्हेगाराच्या खांद्यावर आडवं लाकूड देऊन त्याला लोकांमधून चालवत न्यायची. तो माणूस परत येत नाही, हे बघणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायचं. 'वधस्तंभ' या शब्दात तो वध अजून ऐकू येतो. 'क्रूस' म्हटलं की आपल्याला गळ्यातली साखळी आठवते.

शिवाय वधस्तंभ 'उचलायचा' आहे. मधुमेह कोणी उचलत नाही, तो होतो. येशूच्या मागे गेल्यामुळे जे वाट्याला येतं आणि मागे फिरलो तर जे टळलं असतं, तो वधस्तंभ. लाच घेतली नाही म्हणून अडकलेली बढती हे त्याचं उदाहरण. येशूचं तेच वाक्य सांगताना लूक त्यात 'दररोज' हा शब्द घालतो (९:२३), मार्क आणि मत्तयमध्ये तो नाही. म्हणजे लूकच्या मते हे एकदाच मरण्याचं काम नाही, रोजचं आहे.

मग आजारपण निरर्थक का? अजिबात नाही. रोमकरांस ८ मध्ये सगळी सृष्टी कण्हते, आपण कण्हतो आणि आत्माही आपल्यासाठी कण्हतो, असं पौल लिहितो. आजारपणाची जागा त्या कण्हण्यात आहे. त्याला वधस्तंभाचं नाव दिलं नाही तरी देव तिथे असतोच.

(कोणीतरी नेहमी विचारतं : कुरेनेकर शिमोनाने तर येशूचा वधस्तंभ स्वतःहून उचलला नव्हता, शिपायांनी वेठीला धरलं. खरंय. पण वेठीला धरणारे रोमी शिपाई होते. त्यांचं अनुकरण करा असं शुभवर्तमान म्हणत नाही. हा मुद्दा प्रश्न ९ मध्ये लागणार आहे.)

६. लेंटचे दिवस मोजले तर ४६ भरतात, मग चाळीस कसे? आणि उपास कोणी करायचा?

मधले सहा रविवार वगळा. रविवार पुनरुत्थानाचा, त्या दिवशी उपास नाही.

कॅथलिक नियमाप्रमाणे राखेचा बुधवार (लेंटचा पहिला दिवस) आणि उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) हे उपासाचे दिवस : एक पूर्ण जेवण, बाकी दोन वेळा थोडंसं. हा नियम १८ पूर्ण झाल्यापासून साठावं वर्ष लागेपर्यंत. मांस वर्ज्य करणं १४ पूर्ण झाल्यावर. आजारी माणसं आणि गरोदर बायका यांना सूट आहे, तेव्हा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशी राहून शौर्य दाखवू नये. प्रोटेस्टंट मंडळ्यांत (चर्चमध्ये) असा बांधील नियम सहसा नसतो, ज्याचा त्याने ठरवायचा.

मासे चालतात. वसईच्या एका मित्राच्या घरी लेंटमध्ये जेवलो होतो. मांस सोडलंय म्हणून ताटात भरलेलं पापलेट होतं. नियम मोडला नव्हता. तो स्वतःच हसत म्हणाला, या त्यागाची आम्ही वर्षभर वाट पाहतो. यशयाचा ५८वा अध्याय नेमका अशा वेळी वाचावा. तिथे देव म्हणतो, मला पसंत असलेला उपास म्हणजे भुकेल्याला आपली भाकर वाटून देणं. वाचलेल्या मटणाचे पैसे कुठे गेले, हा हिशेब धरायला हरकत नाही.

७. 'देहस्वभाव मारा' म्हणजे शरीर वाईट आहे का?

नाही. गलती. ५ मधली 'देहाची कर्मे' बोट ठेवून मोजा. आजच्या भाषांतरांत सहसा पंधरा भरतात. जारकर्म, दारूबाजी आहे, पण वैर, कलह, मत्सर, राग, तट, फुटी, पक्षभेद, हेवा ही आठ कर्मं करायला शरीराची फारशी गरजच नाही. ती चर्चच्या कमिटीच्या बैठकीत खुर्चीवर बसल्या बसल्या होतात. पौल ज्याला 'देह' म्हणतो तो देवाला बाजूला सारून स्वतःभोवती फिरणारा स्वभाव. हाडामांसाच्या शरीराला तोच पौल पवित्र आत्म्याचं मंदिर म्हणतो (१ करिंथ. ६:१९). शरीराला कष्टवणारे कडक नियम दिसायला शहाणपणाचे, पण देहस्वभावाला आवरायला निरुपयोगी, हेही त्याचंच (कलस्सै. २:२३).

८. मला देवाचा आवाज ऐकू येत नाही, अन्य भाषा (आत्म्याच्या प्रेरणेने बोलल्या जाणाऱ्या अनोळखी भाषा) बोलता येत नाहीत. म्हणजे माझ्यात आत्मा नाही का?

'सगळेच अन्य भाषा बोलतात काय?' असं पौल विचारतो, आणि प्रश्नाच्या रचनेतच 'नाही' हे उत्तर आहे (१ करिंथ. १२:३०). आत्म्याची दानं निरनिराळी आहेत. गलती. ५:२२ मध्ये मात्र 'फळ' एकवचनी आहे : प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. नऊ फळांची ही टोपली नव्हे, एकच फळ आहे आणि त्याला नऊ चवी आहेत. ते लागलंय की नाही हे आपण सांगू नये, घरच्यांना विचारावं.

१९०५ साली केडगावला, पंडिता रमाबाईंनी निराधार बायकामुलींसाठी काढलेल्या मुक्ती मिशनमध्ये, मुलींच्या प्रार्थनेतून मोठं आध्यात्मिक जागरण झालं, त्याची वार्ता परदेशांत पोचली. लोक ते आवर्जून सांगतात. त्याच आवारात शेती होती, विणकाम होतं, छापखाना होता आणि पंडिता रमाबाई मूळ हिब्रू-ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. ते काम अखेरच्या दिवसांपर्यंत चाललं. १९२२ मध्ये त्या वारल्या. भाषांतराचं ते काम मला तरी जागरणाइतकंच आत्म्याचं वाटतं.

९. नवरा मारतो. चर्चमधल्या बायका म्हणतात, सहन कर, हा तुझा क्रूस आहे. मी काय करू?

ताई, ही चिठ्ठी दर वर्षी येते. अक्षर दर वर्षी वेगळं असतं.

हा तुमचा क्रूस नाही. क्रूस आपण उचलायचा असतो, दुसऱ्याने आपल्या खांद्यावर ठेवायचा नसतो. तुमच्या आत्मत्यागाचा उपयोग करून दुसऱ्याचं पाप निर्धास्त राहत असेल, तर त्यागाचं नाव घेऊन तिथे भलतंच चाललंय. येशूच्या गालावर शिपायाने चापट मारली तेव्हा त्याने विचारलं, मी वाईट बोललो असेन तर सिद्ध कर, नाहीतर का मारतोस (योहान १८:२३). पौलाला फटके मारायला बांधलं तेव्हा तो म्हणाला, रोमी नागरिकाला चौकशीविना मारणं तुम्हाला कायद्याने चालतं का (प्रेषितांची कृत्ये २२:२५). मार टळला. या गावात छळ झाला तर त्या गावाला पळा, असं येशूनेच शिष्यांना सांगितलं (मत्तय १०:२३). कायद्याचा आधार घेणं आणि घराबाहेर पडणं या दोन्ही गोष्टी शास्त्रात आहेत.

लोक पेत्राच्या पहिल्या पत्रातला अन्याय सोसण्याविषयीचा दुसरा अध्याय पुढे करतात. ते शब्द ज्यांना पळून जायची, दाद मागायची सोयच नव्हती अशा गुलामांना लिहिलेले आहेत. तुम्हाला ती सोय आहे. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५ चा आहे, त्यात संरक्षणाचा आणि राहत्या घराचा हक्क मिळतो. महिलांसाठी १८१, तातडीने पोलीस हवे असतील तर ११२. क्षमा करायची की नाही, कधी, कशी, हे सुरक्षित जागी पोचल्यावर बघू. क्षमा केली म्हणजे परत जायलाच हवं असंही नाही.

आणि ज्या बायका 'सहन कर' म्हणतात, त्यांतल्या काहींनी स्वतः आयुष्यभर सोसलंय. त्यांच्यावर मला रागावता येत नाही. सल्ला मात्र ऐकू नका.

१०. प्रार्थना केली, तेल लावलं, तरी बरं झालं नाही. विश्वास कमी पडला का?

माझी आई शेवटची दोन वर्षं आजारी होती. एका प्रार्थनासभेत तिला सांगितलं गेलं की गोळ्या घेणं हे अविश्वासाचं लक्षण. तिने वाद घातला नाही. पण नंतर अंथरूण झटकताना उशीच्या अभ्र्यात रक्तदाबाच्या गोळ्यांची अख्खी पट्टी सापडली. एकही गोळी फोडलेली नव्हती. त्यामुळे या उत्तरात माझा आवाज जरा चढला तर समजून घ्या.

पौलाने 'शरीरातल्या काट्यासाठी', म्हणजे सतत छळणाऱ्या कसल्याशा त्रासासाठी, तीनदा विनवलं, काटा निघाला नाही. 'माझी कृपा तुला पुरे' एवढंच उत्तर आलं (२ करिंथ. १२). आपला सोबती त्रफिम याला त्याने मिलेत गावी आजारी सोडलं (२ तीम. ४:२०). दुसरा सोबती एपफ्रदीत मरता मरता वाचला. तरुण सहकारी तीमथ्य याच्या वारंवारच्या दुखण्यांवर पौल त्याला थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो (१ तीम. ५:२३), म्हणजे औषधच. त्याचा सोबती लूक वैद्य होता (कलस्सै. ४:१४). यांतल्या कोणाचा विश्वास मोजून कमी होता असं कुठे लिहिलेलं नाही. याकोब ५:१४ प्रमाणे मंडळीच्या वडिलांना बोलवा, तेल लावा, प्रार्थना करा, आणि गोळी वेळेवर घ्या.

११. मला देवाचा राग येतो. हे पाप आहे का?

स्तोत्रसंहिता उघडा. ८८वं स्तोत्र अंधारात संपतं, शेवटी आशेची एकही ओळ नाही, तरी ते पवित्र शास्त्रातून कोणी काढून टाकलं नाही. येशूने वधस्तंभावर म्हटलेलं 'तू माझा त्याग का केलास' हे २२व्या स्तोत्राचं पहिलं वाक्य. आपल्याला तर हे परकं वाटायला नकोच. जनाबाई विठोबाला 'विठ्या' म्हणून शिव्या घालते आणि ऐकणाऱ्याला त्यात माया ऐकू येते. राग देवाच्या तोंडावर बोलणं ही प्रार्थनाच आहे. त्याच्याशी बोलणंच टाकलं तर मात्र कोणाशीतरी बोला.

१२. मुद्दाम कष्ट ओढवून घेतले तर पुण्य जास्त मिळतं का?

दुसऱ्या शतकात स्मुर्णा शहरातल्या मंडळीने आपला बिशप पॉलिकार्प याच्या हौतात्म्याची हकिकत लिहिली. त्यात फ्रुगियाचा क्विंतस नावाचा माणूस आहे. तो स्वतःहून पकडून घ्यायला पुढे झाला, इतरांनाही चिथावलं, आणि श्वापदं पाहताच गर्भगळीत होऊन रोमी देवांना बळी अर्पून मोकळा झाला. जे स्वतःला हवाली करतात त्यांची आम्ही वाखाणणी करत नाही, असं मंडळीने तिथेच लिहून ठेवलं. पॉलिकार्प स्वतः आधी गावाबाहेरच्या शेतघरात जाऊन राहिला होता. पकडायला आले तेव्हा त्याने त्यांना जेवू घातलं.

१३. आत्मत्याग म्हणजे पाळकांचं, वडीलधाऱ्यांचं मुकाट ऐकणं का?

रमाबाईंचंच पाहा. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा झाला, पण तिथल्या धर्मगुरूंचं सगळं मान्य करायला त्या तयार नव्हत्या. एका पुरोहितवर्गाचं जोखड मोठ्या कष्टाने फेकलंय, तसलंच दुसरं मानेवर घेणार नाही, असं त्यांनी पत्रात कळवलं. मांसाहारही घेतला नाही. याच बाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलींना घेऊन आल्या. स्वतःच्या आईवडिलांना दुष्काळात मरताना त्यांनी पाहिलं होतं. माणसांपुढे मान ताठ आणि दुबळ्यांसाठी कंबर वाकलेली, हे एकाच बाईत बसतं.

१४. ख्रिस्ताच्या क्लेशांत जे 'उरलं' ते मी पूर्ण करतो, असं पौल म्हणतो (कलस्सै. १:२४). म्हणजे वधस्तंभ अपुरा पडला?

नाही, यावर सगळ्या मंडळ्यांचं एकमत आहे. क्लेशांसाठी पौलाने इथे वापरलेला शब्द नव्या करारात येशूच्या वधस्तंभावरच्या मरणासाठी इतरत्र येत नाही. प्रोटेस्टंट भाष्यकार म्हणतात, तारण पूर्ण झालंय, पण सुवार्ता पोचवताना मंडळीला जे सोसावं लागेल ते अजून बाकी आहे. पौल तुरुंगातून लिहितोय, त्यातला आपला वाटा तो उचलतोय.

कॅथलिक शिकवण आणखी एक पाऊल पुढे जाते : आपलं दुःख ख्रिस्ताच्या दुःखाला जोडून इतरांसाठी अर्पण करता येतं. पोप दुसरे जॉन पॉल यांनी ११ फेब्रुवारी १९८४ च्या पत्रात हे विस्ताराने मांडलं. १९८१ मध्ये गोळ्या लागून ते मरणाच्या दारातून परत आले होते, त्यामुळे हा विषय त्यांनी केवळ पुस्तकातून घेतला नव्हता. मी प्रोटेस्टंट घरातला, मला ही कल्पना आधी विचित्र वाटायची. मग शेजारच्या कॅथलिक आजींना पाहिलं. संधिवाताने बोटं वाकलेली, रोझरीचा (जपमाळेचा) एकेक मणी सरकवायला वेळ लागायचा, आणि दर मण्याला कोणाचं तरी नाव. एकदा माझ्या मुलीचं ऐकू आलं, तिची दहावी होती.

अर्पण करणं हे ज्याचं दुःख त्यानेच ठरवायचं. 'तुझं दुखणं अर्पण कर' असं खाटेजवळ उभं राहून दुसऱ्याने सांगायचं नसतं. का, ते प्रश्न ९ मध्ये आहे.

१५. दुःखात असलेल्या घरी जाताना काय बोलावं?

ईयोबाचे मित्र पहिले सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते (२:१३). तेवढंच त्यांचं बरोबर ठरलं. 'देवाला त्याची गरज होती', 'यातही काही चांगलं असेल', 'निदान फार हाल झाले नाहीत' ही वाक्यं घरीच ठेवून जा. मयताचं नाव घ्या, घरच्यांना ते ऐकायचं असतं. तेरवी किंवा महिन्याची मिस्सा (चर्चमधली प्रार्थनाविधी) उरकली की माणसं यायची थांबतात, तेव्हा जा. जाताना डबा न्या, वरणभात पुरे. डबा परत न्यायची घाई करू नका. तो घ्यायच्या निमित्ताने पुन्हा जाता येतं.